सतरा नंबरची नळी

फ्रीजर उघडला की आधी पांढरी वाफ बाहेर येते,
मग नळ्या दिसतात. उणे ऐंशी.
नळीवर नाव लिहायचं नसतं,
तरी सतरा नंबर वडगावच्या भरमाण्णाचा, हे मला माहीत आहे.
त्याच्या चर्वणस्नायूचा तुकडा,
तांदळाच्या कणीएवढा.

पॉवरलूमवर छत्तीस वर्षं.
दोरा कापायला कात्री शोधत नाही, दात आहेत.
मागाच्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो,
म्हणून दिवसभर जबडा मिटलेला
आणि रात्री तो सोडायचा राहून जातो.
बायको सांगत होती, मराठीत सुरू करून कानडीत संपवत,
झोपेत हे जात्यागत दळतात ओ,
सकाळी बघावं तर पीठ काहीच नाही.

संमतीपत्र तीन भाषांत होतं.
त्यानं कानडीतलं वाचलं, मराठीत विचारलं,
"सुई मोठी हाय काय ओ मॅडम?"
आणि सही इंग्रजीत केली, एकच वाकडा बी.
गालावर बोटं ठेवून मी म्हटलं, आवळा.
बोटांखाली लिंबाएवढी गाठ उठली.
सोडा. गेली.
आवळा.
वीस मिनिटं आम्ही दोघांनी एवढंच केलं.
मग डॉक्टर आले.

स्नायू आवळला की मुका राहत नाही.
पेशी आपल्या कडेनं चिठ्ठ्या सोडतात,
इंटरल्युकिन सहा, आठ, आणखी किती,
पाकिटाशिवाय, रक्तात टाकलेल्या.
ज्याच्या दारी पोचेल त्यानं वाचायच्या.
एक पेशी वाचते, आग लागलीय, धावा.
यकृत वाचतं, काम चाललंय, साखर पाठव.
चिठ्ठी तीच.

सरांना यात कोडं दिसतं. मला नाही.
मी अनगोळची.
घरमालकीण गौरव्वा "हाल" म्हणाल्या की पातेलं पुढे करायचं,
दूध येतं.
आई "हाल" म्हणाली की पातेलं
पालथं घालून ठेवायचं.
हल्लु म्हणजे दात, कल्लु म्हणजे दगड;
शाळेत मी नेहमी उलटं लिहायची
आणि परीक्षेत अर्धा मार्क जायचा.

निरोगी गटात एक माणूस कमी पडत होता.
झोपेत दात खाता का?
मी नाही लिहिलं, गाल पुढे केला.
सव्वीस नंबरची नळी माझी.

यंत्रानं आकडे दिले तेव्हा सव्वीस
निरोगी लोकांत बसेना.
वर चढून सतराच्या शेजारी जाऊन बसला,
बसमध्ये ओळखीच्या माणसाजवळ बसावं तसा.
सर म्हणाले, नमुना खराब झाला असेल, पुन्हा लाव.
पुन्हा लावला. तोच.
मग आठवलं, गेल्या आठवड्यात गौरव्वा
भिंतीपलीकडून विचारत होत्या,
रात्री एवढ्या उशिरा शेंगा फोडता काय?
मी हसले होते.
आमच्या घरात शेंगा नव्हत्या.

काय आवळून धरते मी? यादी करायला बसले.
कायम करण्याची ऑर्डर. भावाचा फोन. बसची पाटी
जी आता मला एका दमात वाचता येते,
आणि वाचता येते याचाही कसलासा राग.
यादी अर्ध्यावर सोडली.
खडेबाजारातून कडक भाकरी आणली, ज्वारीची, पापडासारखी,
आणि चटणीशी खात बसले.
कानात मोठा आवाज होत होता.
आज दातांमध्ये काहीतरी होतं.

काल भरमाण्णाचा फोन.
"आकडा चढलाय म्हणूलासा, मग बरं की वाईट?"
अजून वाचूलोय आम्ही, मी म्हटलं,
माझाबी चढलाय.
पलीकडे माग चालू होते. थोडा वेळ तेच ऐकू आलं.
मग तो मोठ्यानं हसला, तोंड उघडून,
आणि माझी बोटं त्याच्या गालावर नसताना
मला कळलं, गाठ गेली.