गेरूची तारीख

अंबडच्या प्रयोगशाळेत जानेवारीत रात्रपाळी लागते.
पिंपळगावची द्राक्षं येतात, वणीची, दिंडोरीची,
पिशवीवर प्लॉटचा नंबर, तोडणीची वेळ.
आम्ही ती दळतो.
इतका देखणा माल भांड्यात घालताना
निखत अजूनही एक मणी तोंडात टाकते,
म्हणते, रिपोर्ट येईपर्यंत गोडच असतात.

यंत्र एकेक औषध वेगळं काढतं,
ज्याची त्याची वेळ ठरलेली.
पडद्यावर सपाट रेघ चालत राहते
आणि मध्येच सुळका उठतो,
अंजनेरीच्या अंगाला नवरा-नवरीचा उठतो तसा.

बाळंतपणाची रजा संपून नऊ दिवस झाले.
दर तीन तासांनी मी स्टोअररूमचं दार लावून दूध काढते,
बाटली डब्यांच्या फ्रीजमध्ये,
निखतच्या लोणच्याशेजारी.
नवव्या रात्री त्यातलं थोडं
काचेच्या कुपीत ओतलं.
लेबल लावलं नाही.

साडेअकरा मिनिटांपर्यंत काही नव्हतं.
मग उठला.
छोटाच. ओळखीचा.

दादा मलेरिया खात्यात होते.
तुळशीराम गांगुर्डे, फवारणी कामगार,
पेठ, हरसूल, सुरगाणा.
खांद्यावर पंप, तोंडाला उपरणं,
कुडाच्या भिंती आतून, पार कोपऱ्यापर्यंत.
बाया ओरडायच्या, भांडी तरी बाहेर काढू द्या!
झालं की चौकटीवर गेरूनं लिहायचे
डीडीटी, तारीख, सही.
सारवू नका म्हणायचे.
भिंत सारवली की औषध जातं.
त्यांचे कपडे आई मोरीत धुवायची, दोन पाण्यांनी.
मी तेव्हा तिच्या पोटात होते.

पेशीलाही भिंत असते. भिंत कसली, पदर.
तेलाचे दोन पदर, शेपटीला शेपटी लावून निजलेले.
पाण्याला ते सहजी आत घेत नाहीत.
याला घेतात. हे तेलाचंच सोयरं.
आत शिरतं, अन्न जळतं त्या कणांपाशी बसतं,
धग जरा कमी करतं, राख जरा वाढवतं.
घर पडत नाही. नुसत्या
दिवा लावायला दोन काड्या जास्त लागतात.
सात-आठ वर्षांनी निम्मं उरतं,
मग निम्म्याचं निम्मं.
शून्य येत नाही, गणितच तसं आहे.
आणि बाईच्या अंगातून बाहेर पडायला
त्याला एकच रुंद वाट सापडते.

इंग्लंडला जाणाऱ्या मण्यात किती चालतं
ते भिंतीवरच्या तक्त्यात आहे, दशांशचिन्हापुढे दोन घरं.
मी तक्ता दोनदा वाचला.
तक्ता द्राक्षांचा आहे.

आहेर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाज.
आकडा लहान आहे, दूध मोठं आहे. थांबू नकोस.
हे मला माहीत होतं.
मला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

सकाळी पाथर्डी फाट्याला घरी आले
तर दादा उन्हात बसलेले, नात मांडीवर.
हात थरथरतो म्हणून कोपराखाली उशी.
पर्समध्ये कागद होता.
मी विचारलं, दादा, तिकडे तापानं किती पोरं जायची?
त्यांना आठवावं लागलं नाही.
एका पाड्यावर एका साली सतरा.
पुढल्या साली दोन.
जरा थांबून म्हणाले, त्या दोन घरांना
मी गेलो तेव्हा कुलूप होतं.

कागद पर्समध्येच राहिला.

रविवारी बारसं आहे आणि नाव ठरत नाही.
दवाखान्यातली चिठ्ठी अजून पाळण्याला तशीच,
तिच्यावर नुसती तारीख, लाल पेनानं.
मी पदर ओढला, ती लागली.
चार घोट झाल्यावर सुटली,
समोरच्या भिंतीकडे जरा वेळ बघत राहिली,
मग परत लागली.