ड्रॉवर नंबर एकोणीस

सरांनी किल्ली दिली आणि म्हणाले,
जुनं कलेक्शन आहे, साफ कर,
डांबरगोळ्या बदल. दहा मार्क त्याचे.

एकोणिसाव्या ड्रॉवरमध्ये
ओळीने उभ्या होत्या गंजलेल्या सुया
आणि एकीवरही कीटक नव्हता.
खाली कॉर्कवर तपकिरी भुकटी,
पंखावरचं एक झाकण, एक पाय.
किड्यांनीच खाऊन टाकला होता
किड्यांचा अभ्यास.
सिलॅबसमध्ये आहेत त्याही.
युनिट चार, साठवणीतल्या किडी.

लेबलं मात्र शाबूत.
बारीक टाकाची, पोर्तुगीज वळणाची.
मी अर्थ लावत गेले:
माडाचा सोंड्या भुंगा.
पोफळीच्या कोंबावरचा ढेकूण.
मिरीवरचा पिठ्या.
गाव कुर्डी. मायु, सत्तावन्न.
गोळा करणाऱ्याचं नाव कसरीने कातरलेलं,
शेवटचं ‘रेदु’ तेवढं उरलेलं.

पुनो वेळीप दारात परीक्षानळ्या पुसत होता.
बत्तीस वर्षं त्याने हे कपाट पुसलंय,
बाहेरून.
आत काय लिहिलंय ते कुणी त्याला
वाचून दाखवलं नव्हतं.
मी मोठ्याने वाचलं.
त्याने फडकं खांद्यावर टाकलं.
“कुर्डी? आमची?”

मे महिन्यात धरणाचं पाणी उतरतं
आणि गाव थोडे दिवस वर येतं.
पुनोच्या स्कूटरवर मागे बसून गेले,
मांडीवर जाळं, पिशवीत बाटली, वही.
माड नव्हते. माडांचे बुंधे होते,
पाण्याने आतून धुतलेले.
सोंड्याला खायला त्यांत काही नव्हतं
आणि मला लिहायला.
‘नुकसानीची टक्केवारी’ असा एक रकाना होता वहीत.
मी पेनला टोपण लावलं.

भेगाळल्या चिखलावर
तेवढा एक वाघभुंगेरा, निळा-हिरवा.
ही कीड नव्हे, किडींना खाणारा आहे हा.
आम्हाला शिकवलंय:
तो इतक्या वेगाने धावतो
की धावताना त्याला दिसत नाही.
म्हणून थोडा धावतो, थबकतो,
समोरचं सगळं नव्याने बघून घेतो
आणि पुन्हा सुटतो.

जाळं उचलताना वर बघितलं.
पलीकडे पुनो चालत होता.
चार पावलं. थांबला.
चिऱ्यांच्या एका जोत्याकडे बघत राहिला.
झरझर दहा-बारा पावलं. थांबला.
“हांगा न्हाणी,” तो म्हणाला, मला नव्हे.
“हांगा चार पोफळी.
ना, ना. पलतडी.”
आणि पुन्हा चालायला लागला,
चपला हातात घेऊन.

पहिल्यांदा जाळं चुकलं.
दुसऱ्यांदा नाही.
इथाइल ॲसिटेटच्या बाटलीत त्याला
दोन मिनिटं लागली.
पुनो तोवर धरणाकडे बघत होता.

तोंडी परीक्षेला दापोलीहून परीक्षक आले,
चष्मा कपाळावर चढवून पेटीवर वाकले.
“हा आपल्या यादीत नाही. कशाला लावलात?”
तिथे दुसरं काही नव्हतं, सर.
“आणि हे अक्षांश-रेखांश?
हे तर जलाशयात पडतात.”
हो, सर.
त्यांनी दोन मार्क कापले
आणि पुढच्या पेटीकडे गेले,
तिथे वांग्यातली अळी होती, नीट, पाच अवस्थांत.

लेबल पंधरा मिलिमीटरचं असतं.
त्यात गाव मावतं, तारीख मावते,
न्हाणी मावत नाही.
गोळा करणाऱ्याच्या जागी लिहिलंय
पु. वेळीप, आणि त्याखाली मी,
अक्षर इतकं बारीक
की पुनोने भिंगातून दोनदा वाचून घेतलं
आणि म्हणाला, “वेळीपचा वे नीट आला नाही.”
मी नवं लेबल केलं.

एकोणिसाव्या ड्रॉवरमध्ये, शेवटची रांग.
रिकाम्या सुया काढल्या नाहीत.
डांबरगोळ्या जूनमध्ये परत बदलायच्यात,
पाणी चढायच्या आधी.