अंगाबेतानं

कास्त्रोत काही घरं पाण्यात उभी असतात,
लाकडी पायांवर, गुडघे भिजवून.
भरतीला फळ्यांखाली समुद्र,
ओहोटीला चिखल आणि कलंडलेल्या होड्या.

मुलाची ऑर्डर आमच्या ऑफिसात आली होती:
चार कॅमेरे, खिडक्यांना गज, आकड्यांचं कुलूप.
आई एकटी असते. पैशाकडे बघू नका.

माझी आई शिवणकाम करायची. म्हणायची,
माप देताना गिऱ्हाईक छाती फुगवतं.
त्याला आधी श्वास सोडू दे.
म्हणून टेप खिशातच ठेवला
आणि ओतिलिया कार्कामोच्या चुलीपाशी बसून
तिला बटाटे सोलू लागले.

खिडक्या सहा. कड्या गंजलेल्या.
शेजारी इतका जवळ, की त्याचा खोकला आपलाच वाटावा.
लग्न होऊन आल्यापासूनच्या चोऱ्या:
एक कोंबडी.
"तीही परत दिली," म्हातारी म्हणाली, "शिजवून."

शेवटची बस चुकली. तिथेच झोपले.
तीन वाजता पाणी चढलं तशी ती उठली,
मागचं दार उघडून अनवाणी
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन उभी राहिली.
"नोल्बेर्तो, दोर टाक."
नोल्बेर्तोला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती.
पायरी कुजलेली होती.

आमच्या नकाशांवर सगळे बाण
बाहेरून आत येतात.
त्या पहाटे मी एक उलटा काढला.

आकड्यांचं कुलूप? लाकडाचं घर, धगधगती चूल,
आणि आकडे विसरलेली बाई आत.
एवढं तर कुठल्याच चोराला जमलं नसतं.

बसवलं ते असं:
तिसरी पायरी, नवी.
कठडा तिच्या कमरेच्या उंचीचा,
पुस्तकातल्या नव्हे; ती चार बोटं कमी भरते.
पाऊल पडताच लागणारा दिवा.
पायपुसण्याखाली एक कळ,
जिची घंटा शेजारी रोसामेलच्या उशाशी वाजते.

मुलगा फोनवर ओरडला, कॅमेरे कुठायत?
मी म्हटलं, तुम्ही कधी येताय?
पलीकडे बराच वेळ काहीच नाही.

पहिल्या आठवड्यात घंटा अकरा वेळा वाजली.
सात वेळा मांजर.

मग रोसामेलची तक्रार आली, पेन्सिलीनं लिहिलेली:
रात्री दोघांपुरती कॉफी करून ठेवावी लागते,
होडी दिसेपर्यंत ती उठत नाही,
आणि होडी तर माहीतच आहे.
कॉफीचा खर्च कुणाच्या नावावर टाकायचा?

बिलात मी एक ओळ वाढवली.
देखभाल, दरमहा.