छाट

शनिवारी ब्रँचवर माल न्यायचा.
रंगप्पा चेकर जुडी उचलतो, अंगठ्यानं दाबतो,
हलकी वाटली की बाजूला. छाट.
पण तोंड मिटलेली विडी तो उलगडत नाही.
उलगडली की पान गेलं, तंबाखू गेली,
आणि माझी मजुरी.

कुंभारीच्या घरकुलातल्या एक्केचाळीस बायका,
ग्रुपची ॲडमिन मी.
गप्पा मराठीत, भांडण तेलुगूत,
शेंगाचटणीचा भाव दोन्हीत.
वर पिवळ्या पट्टीत लिहिलेलं :
हे मेसेज बाहेरचं कुणी वाचू शकत नाही, कंपनीसुद्धा नाही.
पोशव्वाला मी ते दोनदा वाचून दाखवलं.
तेव्हा कुठं एका रात्री पावणेदोनला तिनं टाकला
स्वतःच्या पाठीचा फोटो.
खाली दोनच शब्द : रा अक्का.
ये.
पाच जणी गेलो. चपला घालायचं सुचलं नाही.

त्याच पट्टीखाली आला तो व्हिडिओ.
गाव कुठलं, साल कुठलं, पत्ता नाही.
पोरं पळवणारे आलेत, पिंजाऱ्याच्या वेषात.
मी साडेनऊला बघितला.
मांडीवर सूप, बोटं ओली,
म्हटलं, असेल काहीतरी.
सव्वाअकराला पाण्याच्या टाकीपाशी
हुसेनभाईच्या धनुकलीचे दोन तुकडे झाले.
हात मोडला, तोही दोन ठिकाणी.
माझ्या लग्नातली गादी त्यानंच पिंजली होती.

फौजदार म्हणाले, पहिला टाकला कुणी?
कंपनी म्हणते आम्हाला दिसत नाही.
दिसायला पाहिजे की, बाई. एक खिडकी तरी.
मी मान हलवली. हुसेनभाईचा हात आठवून हलवली.
मग विचारलं,
साहेब, त्या खिडकीतनं पाठ पण दिसणार ना?
कुणाची पाठ?
मी गप्प.
पोशव्वाचा दीर तिथंच, पलीकडच्या टेबलावर
शिक्के मारत बसला होता.

घरी येऊन व्हिडिओवर बोट दाबून धरलं.
खाली आलं : तक्रार करा.
हे साडेनऊलाही तिथंच असणार.
कंपनीला दिसत नव्हतं, फौजदारांना दिसत नव्हतं.
मला दिसत होतं की.

या शनिवारी रंगप्पानं बावीस विड्या छाटल्या.
एरवी मी भांडते.
सिव्हिलमध्ये हुसेनभाईला डबा पोशव्वा नेते.
काय बोलतात दोघं, कुणास ठाऊक.
मी विचारलेलं नाही.