ओळींमधलं अंतर

हार्लिंगनजवळच्या पंपघरात
वित्स्केनं भिंतीवर अकरा कागद चिकटवले.
प्रोग्राम एकच, फॉन्ट अकरा.
फॉन्टची नावं तिनं दुमडून मागे लपवली;
नाव दिसलं की माणूस अक्षर बघत नाही.

यौकेच्या निवृत्तीला दोन वर्षं,
उजव्या डोळ्यात मोतीबिंदू.
कॉफीचा मग घेऊन तो एकेक कागद
मोठ्यानं वाचत गेला,
किराण्याची यादी वाचावी तसा.

तिचा जीव तिसऱ्यावर.
त्यात टिपा तिरप्या, कानात सांगितल्यासारख्या,
आणि दोन चिन्हं जुळून बाण व्हायचा.
यौके तिथंच अडला:
"हा बाण मी कधी टाइप केला?"

सातव्यात एक, एल आणि उभी रेघ.
तीन खांब.
त्यातलं फाटक कुठलं, कुंपण कुठलं?

मग तो त्या जानेवारीबद्दल बोलला.
वीज गेलेली, पडदे काळे,
दातांत टॉर्च, मांडीवर छापील कोडची फाइल.
झडप एल उघडायची होती.
त्यानं झडप एक उघडली.
हिल्केच्या कुरणात गुडघाभर पाणी.
मेंढ्या वाचल्या. बहुतेक.

ध चा मा, असं आपण म्हणून मोकळे होतो.
तिथल्या अहवालात एकच शब्द होता: वाचनदोष.
आठ वर्षं तो यौकेच्या नावापुढे आहे.
फॉन्टचं नाव
कुणीच लिहिलं नव्हतं.

नवव्या कागदापाशी त्यानं मग खाली ठेवला.
शून्याच्या पोटात तिरका वार,
एलला शेपूट, एकाखाली पाट,
स्वल्पविराम इतका जाड की पायात यावा.
रुंद एम अंग चोरून उभा
आणि तेवढ्याच जागेत सडपातळ आय
हातपाय पसरून बसलेला.
"हा."
"फार बोजड दिसतो."
"दिसू दे."

संध्याकाळी ती छापायला बसली
तेव्हा तो दारातून परत आला.
ओळी जरा लांब लांब ठेवता येतील का?
अंधारात मी बोट ठेवून वाचतो,
हातमोज्यासकट.

तिनं पट्टी काढली.
त्यानं हातमोजा चढवला, ओला होता,
आणि तर्जनी टेबलावर ठेवली.

एकवीस मिलिमीटर.
इतक्या अंतरानं चाळीस पानांची
एकशे सत्तर झाली असती.
ती काही बोलली नाही.
प्रिंटरमध्ये कागदाचा नवा गठ्ठा घातला.