शाकारलेली होडी

पाचव्या महिन्यात दोन थेंब दिसले
तेव्हा मालवणच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, दोन दिवस आराम.
सासूबाईंना अक्षर येत नाही.
त्यांनी खाटेच्या पायथ्याखाली चार विटा सारल्या
आणि म्हणाल्या, गप निजान रव गो, हलूक नको.
दोन दिवसांचे नऊ आठवडे झाले.

चिठ्ठी मी वाचली होती.
मीही बोलले नाही.
त्या आधीच्या मंगळवारपर्यंत
बंदरावरून बांगड्यांची टोपली डोक्यावर आणत होते,
खारं पाणी मानेवरून पाठीत टिपटिपत,
लिलाव संपेपर्यंत उभी.
तेव्हा कोणी म्हटलं नाही, बस जरा.
फुकटची खाट मिळाली, मी घेतली.

पलीकडे पडवीत दुसरी खाट.
मामंजी, भिवा तांडेल,
जेटीच्या शेवाळल्या पायरीवरून घसरले
आणि खुब्यात स्टीलचा खिळा घेऊन ओरोसहून घरी आले.
तिथं फिजिओथेरपीचा एक पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेला,
दुसऱ्याच दिवशी म्हणाला होता, आजोबा, उभे राहा.
त्याला त्यांनी आईवरून शिवी दिली.
चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस
वॉकर बघून घाबरला.

मधे कुडाची भिंत.
सूनबाय, जागी आसस काय?
आसंय.
कौलं मोजायचो. मी एकशे अठरा, ते एकशे वीस.
त्यावरून भांडायचो.
त्यांच्या टाचेवर पाठीच्या पैशाएवढी जखम झाली, मग
दोन रुपयांएवढी.
छातीत कफ घुमायला लागला.

एका पहाटे माझी डावी पोटरी
खेकड्याने धरावी तशी दुखली, सुजली, तापली.
सासूबाई खोबरेल घेऊन बसल्या.
रेवंडकरांची आशाताई दारात चप्पल काढताकाढताच ओरडली,
चोळू नका, चोळू नका!

ओरोसला डॉक्टरीणबाईंनी पोटरीवर मशीन फिरवलं.
पडद्यावर रक्ताची गुठळी,
खाडीच्या तोंडाशी गाळ बसतो तशी.
कोणी सांगितलं इतकं पडून राहायला?
मी विटांचं नाव घेतलं नाही.
पोटावर रोज एक सुई, बाळंतपण होईस्तोवर, नंतरही.
टोपली नको, म्हणाल्या, विहिरीची कळशी नको,
पण चाल. दमलीस की बस,
बसलीस की पुन्हा ऊठ.
आणि थेंब दिसला तर विचारत बसू नको, निघून ये.

परत येताना टेम्पोतून आमची होडी दिसली,
वाळूवर ओढलेली, झावळांनी शाकारलेली.
मामंजीच सांगायचे,
तुफानात होडी वर घ्यावीच लागते, तिथं शहाणपण चालत नाही.
पण दोन वर्षं वरच राहिली
की फळ्या सुकतात, सांधे उघडतात,
आणि पाण्यात लोटली की पाणी पिते.
भिंतीतून मी त्यांना तेच ऐकवलं.
ते कूस बदलून निजले.

तिसऱ्या दिवशी पडवीत टक् झालं.
मग कितीतरी वेळ काही नाही.
मग टक्.

आता संध्याकाळी खळ्यात आम्ही दोघं.
माझ्या पुढे पोट, त्यांच्या पुढे वॉकर.
माडापर्यंत अकरा पावलं.
ते म्हणतात नऊ.

सासूबाई उंबऱ्यात बसून माझ्या पायांकडे नाही,
पोटाकडे बघत राहतात.
त्यांची सहा बाळंतपणं, चार पोरं.
उरलेल्या दोघांच्या वेळी
त्या वाळूवर सुकट पसरत होत्या.
तेव्हा विटा कोणी घातल्या नाहीत.

काल दुपारी खळ्यातून आत आले तर
त्या माझ्या खाटेवर आडव्या,
भेगाळल्या टाचा उंच पायथ्याकडे,
डोळे मिटलेले.
मी दारातच थांबले.
दहा मिनिटं असतील.
उठल्या, पदर सारखा केला, चादर झटकली,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या,
कोणाक सांगू नको.