कोपर

किनवटहून निघालेली बस सागाच्या रानात दोनदा थांबली,
एकदा म्हशींसाठी,
एकदा ड्रायव्हरच्या तंबाखूसाठी.
उनकेश्वरला उतरलो तेव्हा वास आधी भेटला,
नुकत्या विझलेल्या काडीचा,
दिवाळीच्या दुसऱ्या सकाळच्या अंगणाचा.

कुंडाच्या वरच्या पायरीवर
जंगूबाई पेंदोर खराटा घेऊन बसलेली.
पगार कुणी देत नाही, हुकूम मात्र तिचा.
"कुठून आले?"
परभणीहून.
"काय झालं?"
मी बाही वर सारली.
अकरा वर्षं कचेरीत, भर मे महिन्यात,
बटणं लावून झाकलेली कोपरं
एका अनोळखी बाईपुढे उघडी केली.
तिनं बघितलं, बाजारात वांगी बघावीत तसं.
"चीर पडली का? रगत?"
नाही.
"मग या. उघडी जखम असली
की तुम्हालाही वाईट अन् बाकीच्यांनाही."

बरं होईल का, मी विचारलं.
"पाणी गरम राह्यते, एवढं मले ठावं.
डॉक्टरच्या गोळ्या सोडू नका."

ती वाकली, पाण्यात कोपर बुडवलं,
तान्ह्या लेकराच्या न्हाणीआधी बुडवतात तसं.
"तळवे खोटं बोलतेत,
भाकरी थापून थापून मेलेले.
कोपर खोटं बोलत नाही."
मग माझ्या कोपरांकडे बघून
थोडी ओशाळली,
"तुम्ही आतल्या बाजूनं बघा."

आतली बाजू.
तिथं कातडी अजून माझीच होती.
पाणी तिला चावलं, मग ओळखलं.

तेवढ्यात वर, जिथून बुडबुडे निघतात तिथं,
नांदेडच्या पोरांपैकी एकजण कठड्यावर चढला,
दुसऱ्यानं मोबाईल धरला होता.
खराटा हवेतून आला
आणि बरोबर त्याच्या पायापुढे पडला.
जंगूबाई ओरडली नाही.
लुगडं पोटरीपर्यंत वर घेतलं फक्त,
तिथं एक चकाकती जागा,
मेणासारखी, केस नसलेली.
"सोळाची होते. पैज होती. चार आण्यांची."
पोरगं उतरलं.
मोबाईल खिशात गेला, सावकाश.

माझ्या पिशवीत साबणाची वडी होती.
काढलीही नव्हती मी,
पण तिच्या नाकाला कळलं.
"ते राहू द्या. हे पाणी खाली ओढ्यात जाते,
तिथं आमची जनावरं तोंड घालतेत."
साबण पिशवीच्या तळाशी गेला,
आणि मी, बाबू, सेवानिवृत्तीला चार वर्षं उरलेला,
वर्गात पकडल्यासारखा हसलो.

"सावली तिसऱ्या पायरीवर आली की निघायचं."
सावली आली.
मी नाही निघालो.
अकरा वर्षांचा हावरेपणा होता,
अजून थोडं, अजून थोडं,
जणू उष्णताही फाईलसारखी
जास्त वेळ टेबलावर ठेवली की मंजूर होते.
उठलो तर सागाची झाडं
एकमेकांच्या जागा बदलत होती.

तिनं माठातलं पाणी दिलं, गुळाचा खडा दिला,
डोकं गुडघ्यांत घालायला लावलं.
एवढंच म्हणाली,
"पाण्याले घाई नाही, भाऊ.
ते माझ्या आजीच्या आधीपासून इथंच हाय."
मग खराटा उचलून
कुणीतरी टाकलेली शाम्पूची पुडी
पायरीवरून ओढत नेली.

चांदीची अंगठी काढायची राहिली होती.
काळी पडली, वांग्याच्या देठासारखी.
बायको चिंचेनं घासेल,
घासताना विचारेल, फरक पडला का?

फरक.
परतीच्या बसमध्ये हिमायतनगरला
शेजारच्या सीटवरची पोर टक लावून बघत होती,
तेव्हा ध्यानात आलं
बाही वरच राहिली आहे.
तिनं बोट लावून विचारलं, "दुखते का?"
तिची आई दचकली, तिला मागे ओढलं.
मी म्हणालो, नाही, खाजते कधीकधी.
आणि खिडकी उघडी होती,
भोकरपर्यंत वारा लागत राहिला.